यकृतातील तांब्याचे कारभारी
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात आरोग्यावर बोलावयाचे म्हणजे आहारविहाराचा सर्वसाधारण उपदेश करावयाचा, असा प्रघात आहे. तो आज आम्ही थोडा बाजूस ठेवीत आहो. तांबे या एकाच धातूचा आपल्या यकृतात हिशेब कोण ठेवतो, आणि तो हिशेब बिघडला म्हणजे काय अनर्थ ओढवतो, एवढाच विषय आम्ही घेतला आहे. त्याचे एक टोक आपल्या स्वयंपाकघरात आहे व दुसरे संघाच्या वधूवर-नोंदवहीत. म्हणूनच तो या व्यासपीठावर मांडण्याचे धाडस आम्ही करतो.

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आजीबाईंना कोणत्याही रसायनशास्त्रावाचून ठाऊक होते. म्हणून तर कल्हईवाला दारावर आला की घरातील सारी पातेली त्याच्यापुढे येत. परंतु दुधाविषयी एवढी सावधगिरी बाळगली जात नसे. कारण दूध कळकलेले जिभेला कळत नाही. दुधातील केसीन नावाचे प्रथिन पितळेतील तांबे मुकाट्याने आपल्याशी बांधून घेते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडातील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. एक ते तीन वर्षांची हसतीखेळती बालके यकृत दगडासारखे कठीण होऊन दगावत, त्या रोगाचा संबंध या निबंधाने पितळेच्या भांड्यात तापविलेल्या व लहान वयातच सुरू केलेल्या वरच्या दुधाशी जोडला. वैद्यकाच्या ग्रंथांत या रोगाचे नावच 'भारतीय बालयकृत-काठिण्य' असे पडून गेले होते. पुढे घरोघरी स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. एखाद्या रोगाचे उच्चाटन दवाखान्याऐवजी भांड्यांच्या दुकानातून व्हावे, हे उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते.

तथापि, त्याच पातेल्यातील दूध प्यालेली सर्वच मुले आजारी पडली नाहीत. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतील दुधाने १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकांना असाच रोग झाल्याची नोंद आहे, आणि तेथे तो ठराविक कुळांतच आढळला. तेव्हा भांड्याइतकाच यकृताच्या कारभाराचाही विचार करणे प्राप्त आहे.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते आणि अन्नातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम येते. हे तांबे अत्यावश्यक खरे, पण मोकळे सुटले तर पेशीला जाळणारे. म्हणून पेशी ते मोकळे सोडतच नाही. एका प्रथिनाने दुसऱ्याच्या हाती द्यावे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, असा हा हातोहातीचा व्यवहार आहे. ॲटॉक्स-१ हे अवघ्या ६८ अमिनो आम्लांचे चिमुकले प्रथिन तांबे घेऊन निघते व एटीपी-७बी या थोरल्या प्रथिनाला जाऊन भिडते. या थोरल्याच्या एका टोकाशी तांबे धरण्याच्या सहा जागा आहेत. दोघांची अंगे एकमेकांत नीट बसली तरच तांब्याचा अणू इकडून तिकडे जातो. बैठक किंचित चुकली तर व्यवहार अडतो.

एटीपी-७बी हे स्वतः एक विकर, म्हणजे ज्याला डॉक्टर मंडळी एन्झाइम म्हणतात ते, होय. त्याच्याकडे दोन कामे आहेत. एरवी ते पेशीच्या आत बसून सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या दुसऱ्या विकरात तांब्याचे सहा अणू भरते. रक्तातील बहुतेक तांबे याच स्वरूपात फिरते. पेशीत तांबे वाढले की ते आपली जागा सोडून पित्तनलिकेच्या बाजूस सरकते आणि जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर घालविते. त्याच्या साहाय्यास आणखीही प्रथिने असतात. बेडलिंग्टन टेरियर जातीच्या कुत्र्यांची यकृते तांब्याने भरून जातात. त्याचे मूळ कॉमडी-१ या प्रथिनाच्या जनुकातील तुटीत आहे, हे २००२ साली उमगले, आणि हे प्रथिन एटीपी-७बीशी संलग्न होते, हेही लगेच पुढे आले.

मनुष्यात एटीपी-७बीचे जनुकच सदोष असले म्हणजे जो रोग होतो, तो विल्सनचा रोग. डॉ. किनियर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. जनुक सापडण्यास १९९३ साल उजाडले. सेरुलोप्लाझ्मिनमध्ये तांबे भरले जात नाही, रिकामे सेरुलोप्लाझ्मिन लवकर विघटित होते, म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण घटते. उलट यकृतात तांबे साचत जाते, पुढे मेंदूत उतरते. कोणाला शाळेच्या वयात कावीळ होते, कोणाचे तरुणपणी हात कापू लागतात, अक्षर बिघडते, बोलणे अडखळते. अशा मुलास आळशी किंवा नाटकी ठरवून मारल्याची उदाहरणे कमी नाहीत, हे खेदाने सांगावे लागते.

साचलेले तांबे केवळ जाळते असे नव्हे. ते जनुकांच्या कारभारातही ढवळाढवळ करते. यकृतातील एक विकर होमोसिस्टीनशी निगडित असा एक टाकाऊ पदार्थ सतत दूर करीत असते. तांबे त्या विकराला जखडते, टाकाऊ पदार्थ साचतो, आणि डीएनएवर मिथिल गटांच्या खुणा करणारी विकरे त्यामुळे मंदावतात. कोणते जनुक बोलावे व कोणते गप्प बसावे, हे या खुणांवर पुष्कळसे अवलंबून असते. उंदरांवरील प्रयोगांत हे दिसून आले आहे. २०१५ साली असेही प्रसिद्ध झाले की, तांब्याने भरलेल्या यकृतात पित्त व मेदाची जनुके चालविणारी नियंत्रक प्रथिने डीएनएवर नेहमीप्रमाणे ठाण मांडू शकत नाहीत. म्हणजे एक कारभारी निकामी झाला आणि साऱ्या कचेरीचे दप्तर विस्कटले.

आता नोंदवहीकडे वळू. हा रोग होण्यास सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही यावे लागते. एकच सदोष प्रत असलेला मनुष्य आयुष्यभर ठणठणीत राहतो. असे साधारण ९० माणसांत एक असतात. ज्या घरात एक रुग्ण निघाला, तेथील प्रत्येक भावंडास रोग असण्याचा संभव चारात एक. परंतु घरोघरी आम्ही काय पाहतो? मुलाचा आजार झाकला जातो, कारण बहिणीचे लग्न अडेल. या भीतीचा हिशेब एकदा मांडूनच पाहू. रुग्णाची निरोगी बहीण सदोष प्रत बाळगून असण्याचा संभव तीनात दोन. तिचा विवाह नात्याबाहेरील वराशी झाला, तर तिच्या एखाद्या अपत्याला रोग होण्याचा संभव ५४० त एक. एवढ्यासाठी स्थळ मोडणारा वरपिता कोणते गणित करतो, ते आम्हांस समजत नाही. मात्र तीच बहीण आतेभावाला दिली, किंवा तिच्या निरोगी भावाने मामाची मुलगी केली, तर हा संभव २४ त एक होतो. जी सोयरीक वडीलधारी मंडळी निर्धास्त मानतात, तीच अशा घरात धोक्याची ठरते. आणि ज्या परक्या स्थळापासून आजार लपवावयाचा, तेथे भय अत्यल्प.

शिवाय लपविण्यात भावंडांचाच घात आहे. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे, डोळ्यांच्या कडेवरील तपकिरी वलयाची भिंगाखाली पाहणी, आणि रुग्णाचा दोष ठाऊक असल्यास जनुकाची चाचणी, एवढ्याने भावंडांचा निकाल लागतो. लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार सुरू झाला तर मनुष्य शिकतो, संसार करतो, म्हातारा होतो. डॉ. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामाइन हे औषध आणले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेते. जस्ताच्या गोळ्यांची रीत अधिक मौजेची आहे. जस्त आतड्याच्या पेशीतील एका नियंत्रक प्रथिनाला जागे करते. ते मेटॅलोथायोनिनच्या जनुकावर जाऊन बसते. त्या जनुकातून निघालेले प्रथिन अन्नातील तांब्याला घट्ट पकडते, आणि थोड्याच दिवसांत ती पेशी गळून तांब्यासकट बाहेर पडते. गोळी जेवणापासून तासभर तरी दूर घ्यावी लागते, नाही तर अन्नच जस्ताला अडवते.

रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्याविषयी आम्हांस नेहमी विचारले जाते. निरोगी यकृतास त्याचे ओझे नाही. विल्सनच्या रुग्णास ते वर्ज्य. लिंबू, ताक किंवा दूध मात्र कोणीच त्यात ठेवू नये.

अखेरीस एक गोष्ट सासरच्या मंडळींसाठी. हे औषध जन्मभराचे आहे. सून धडधाकट दिसते म्हणून, किंवा तिला दिवस गेले म्हणून, घरच्या घरी ते बंद करू नये. गरोदरपणात डॉक्टर मात्रा बदलतात, औषध थांबवीत नाहीत. ते बंद केल्यावर बरीच वर्षे सुखरूप असलेली माणसे काही महिन्यांतच यकृत अकस्मात निकामी होऊन गेलेली आहेत.