जलद चाचणीची रेघ काय सांगते, काय सांगत नाही
(श्वसनविकारांच्या हंगामात बाह्यरुग्ण विभागात करावयाच्या भाषणाचा मजकूर)



आपल्या देशात मोसमी इन्फ्लुएन्झा, ज्याला आपण फ्लू म्हणतो, वर्षातून दोनदा जोर धरतो. पहिला जोर जानेवारी ते मार्च या काळात असतो, दुसरा पावसाळा ओसरल्यानंतर. कोविड-१९चा विषाणू आणि तान्ह्या मुलांना विशेष त्रास देणारा आरएसव्ही हेही कमीअधिक प्रमाणात वावरत असतात. या सर्वांची सुरुवात सारखीच: ताप, घशात खवखव, खोकला, अंगदुखी. अनुभवी डॉक्टरलाही केवळ लक्षणांवरून विषाणूचे नाव सांगता येत नाही. म्हणून जलद चाचणीला महत्त्व आले.

ही चाचणी विषाणूची प्रथिने शोधते. नाकातून काडीने घेतलेला स्राव द्रावणात मिसळून त्याचे थेंब पट्टीवर टाकले जातात. ‘सी’ अक्षरासमोरची रेघ चाचणी नीट चालल्याची खूण आहे. ती उमटली नाही, तर ती पट्टी बाद समजून नवी घ्यावी. ‘टी’समोर रेघ उमटली, मग ती फिकट का असेना, तर विषाणू सापडला असे धरावे. माहितीपत्रकात दिलेली वेळ घड्याळ लावून पाळावी; तासाभराने पट्टी पुन्हा न्याहाळून निष्कर्ष काढू नये.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. फ्लूची जलद अँटिजेन चाचणी करणाऱ्या १०० खऱ्या रुग्णांपैकी साधारणतः ५० ते ७० जणच तिच्यात सापडतात. उरलेल्यांची पट्टी निगेटिव्ह येते, आणि आजार मात्र अंगात असतो. स्राव नीट घेतला गेला नाही, किंवा लक्षणे दिसू लागून बरेच दिवस लोटले, तर ही चूक अधिक संभवते. उलट फ्लूची साथ चालू असताना पॉझिटिव्ह निकाल बहुधा खरा असतो. सारांश, ‘आहे’ या उत्तरावर जितका भरवसा ठेवता येतो, तितका ‘नाही’ या उत्तरावर ठेवता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२१ मध्ये कोविडच्या घरगुती चाचणीस मान्यता दिली, तेव्हाही हेच तत्त्व स्वीकारले होते: लक्षणे असून पट्टी निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर करून घ्यावी.

एक प्रसंग कल्पावा. घरात मधुमेह असलेल्या आजी आहेत. नातवाला ताप आला, पट्टी निगेटिव्ह निघाली, म्हणून तो आजीच्या शेजारीच झोपला. तीन दिवसांनी आजींना ताप येतो, त्यांचीही पट्टी निगेटिव्ह येते, आणि ‘साधा ताप आहे’ म्हणून काढ्यावर आणखी दोन दिवस जातात. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. आजींचे ते तास पट्टीने घालवले. म्हणूनच पाच वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरील वृद्ध, तसेच मधुमेह, हृदय, फुप्फुस, यकृत वा मूत्रपिंड यांचे विकार असलेल्यांनी ताप-खोकला येताच निकालाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. औषध देण्याचा निर्णय डॉक्टर लक्षणांवरून घेऊ शकतात. ते स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नये.

तर मग प्रत्येकाने चाचणी करावी काय? नाही. सौम्य ताप-खोकला असलेल्या धडधाकट माणसास फ्लूच्या चाचणीची गरज नाही. त्याने घरी राहावे, वेगळ्या खोलीत झोपावे, मुखपट्टी वापरावी, भरपूर पाणी प्यावे आणि २४ ते ४८ तासांनी प्रकृती पुन्हा तपासून घ्यावी. निकाल काहीही असो, प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या घेण्याचा मोह टाळावा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

काही लक्षणांपुढे मात्र कोणत्याही पट्टीचे उत्तर विचारात घेऊ नये. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, नखे वा ओठ निळसर होणे, ग्लानी येणे ही ती लक्षणे. बाळ दूध ओढत नसेल, सारखे किरकिरत असेल, श्वास घेताना त्याची छाती खाली आत ओढली जात असेल, ज्याला आपल्याकडे ‘पोट उडणे’ म्हणतात, तर रात्र असली तरी निघावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास झाले, तर ते धोक्याचे चिन्ह आहे. अशा रुग्णाची प्रयोगशाळेतील चाचणी रुग्णालयातच होईल, आणि उपचार तिच्या निकालासाठी अडून राहत नाहीत.

दवाखान्यात येताना ताप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी सुरू झाला ते कागदावर लिहून आणावे. घरी चाचणी केली असल्यास पट्टीचे छायाचित्र दाखवावे. वापरलेली पट्टी व काडी पिशवीत घट्ट बंद करून माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे टाकावी आणि हात साबणाने धुवावेत.