बारावीनंतरचा अभ्यास

(ताडकळस येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व पालकांसमोर झालेले भाषण)



बारावीपर्यंत गावात हुशार म्हणून नावाजलेला मुलगा परभणीला किंवा नांदेडला महाविद्यालयात जातो आणि पहिल्याच सत्रात त्याचे दोन विषय राहतात. घरचे म्हणतात, शहराचे वारे लागले. पुष्कळदा हे निदान चुकीचे असते. मुलगा पूर्वीइतकाच अभ्यास करीत असतो. बदललेले असते ते अभ्यासाचे स्वरूप. शाळेत गुरुजी प्रश्नोत्तरे लिहून देत. महाविद्यालयात प्राध्यापक विषयाची दिशा दाखवितात, उरलेली वाट ग्रंथालयात बसून चालावी लागते. त्यातच विज्ञान शाखेची पुस्तके इंग्रजीत. मग विद्यार्थी गाइड आणि झेरॉक्सच्या नोट्स यांना शरण जातो व त्याच चार-चार वेळा वाचतो.

पुन:पुन्हा वाचणे हा अभ्यासाचा आभास आहे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचून, मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, काही महिन्यांनी असते. तेव्हा त्या दिवशीचा तास त्याच संध्याकाळी, पुस्तक न उघडता, दहा ओळींत लिहावा. अडेल तेथेच पुस्तक उघडावे. तोच भाग तीन दिवसांनी आणि मग पंधरा दिवसांनी पुन्हा आठवून पाहावा. इंग्रजी संज्ञा प्रथम मराठीत समजून घ्यावी आणि उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव पहिल्या महिन्यापासूनच करावा.

आपल्या भागाची एक अडचण शहरातील मार्गदर्शकांच्या ध्यानात येत नाही. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे येते, सत्राची परीक्षाही त्याच सुमारास. शेतकऱ्याच्या मुलाने शेवटच्या महिन्यावर भिस्त ठेवणे म्हणजे हातची वेळ घालविणे होय. त्याचा अभ्यास पोळ्यापर्यंत निम्मा व्हावयास हवा.

नापास झालेले तरुण नरहर कुरुंदकरांचा दाखला मोठ्या हौसेने देतात. वसमतजवळच्या कुरुंद्याचे हे विद्वान इंटरला एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, हे खरे. मात्र ते अनुत्तीर्ण होत असतानाही अखंड वाचीत होते, आणि पदवीची परीक्षाही त्यांना पुढे द्यावीच लागली. हा दाखला देणाऱ्याने या वर्षात ग्रंथालयातून किती पुस्तके घेतली, ते आधी सांगावे.

आता पालकांविषयी. परळच्या चाळीतील एका खोलीत भीमराव आंबेडकर लवकर झोपत आणि वडील रामजी सुभेदार त्यांना रात्री दोनच्या सुमारास उठवीत, कारण घर शांत असे ते त्याच वेळी. घरात जागा नसली तरी वडिलांनी वेळ काढून दिली. आज प्रश्न मुख्यतः मुलींचा आहे. बसने जाऊन-येऊन थकलेली मुलगी घरी येते ती थेट चुलीपाशी. मुलाचा विषय राहिला तर तो पुन्हा परीक्षेला बसतो. मुलीचा राहिला तर स्थळे पाहण्यास आरंभ होतो. म्हणून रात्री आठ ते दहा या वेळात तिला कोणी हाक मारू नये, दूरचित्रवाणी बंद ठेवावी आणि तिचा मोबाईलही त्या वेळेपुरता आईने आपल्याजवळ ठेवावा. भाकरी भावालाही थापता येतात.