काउंटरपलीकडचा माणूस

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. "तुझ्या क्षेत्राबद्दल बोल, आताच्या मुलांना मार्गदर्शन होईल," असं सांगितलंय. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर बोलले तर मागच्या बाकांवरची मंडळी पाचव्या मिनिटाला जेवणाकडे निघतील. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधी डबा उघडणारे हेच लोक होते, हे बाईंना आठवत असेल. म्हणून मी दुसराच विषय घेतलाय. छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या हौशी लोकांची दुकानं, आणि ती दुकानं एकेक करून बंद का होत आहेत. ही दुकानं अमेरिकेतली आणि थोडी इंग्लंडमधली आहेत. मिरजेच्या शाळेत हे कशाला, असं वाटेल. थोडा धीर धरा.

आपण जंक्शनच्या गावची मुलं. आपल्या लहानपणी मिरजेत तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुण्याकडे जाणारी ब्रॉड गेज, बेळगाव-लोंढ्याकडची मीटर गेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरो गेज, म्हणजे आपली बार्शी लाइट. १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर जात नाही, म्हणून इकडचा माल उतरवून तिकडे चढवावा लागतो, हे आपल्याला भूगोलाच्या पुस्तकाआधी डोळ्यांनी कळलं होतं. माप एकच नसेल तर काय होतं, हा धडा मला पुढे सॉफ्टवेअरमध्ये रोज उपयोगी पडला.

सांगलीला इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, आणि नोकरीनिमित्त मी काही वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराजवळ राहिले. तिथे गेल्यावर कळलं, की हे शहर म्हणजे छोट्या आगगाड्यांचं पंढरपूर आहे. तिथे या छंदाला 'मॉडेल रेलरोडिंग' म्हणतात. या छंदाचं सामान पुरवणारी वॉल्थर्स ही कंपनी १९३२ मध्ये मिलवॉकीत निघाली. 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ मध्ये तिथेच सुरू झालं. आणि १९३५ मध्ये हौशी लोकांनी तिथेच एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. ती स्थापन करण्याचं मोठं कारण काय असावं? माप! प्रत्येक कारखान्याचे रूळ वेगळे, चाकं वेगळी, डबे जोडायचे आकडे वेगळे. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालेना. मिरजेचंच दुखणं, फक्त छोट्या आकारात. संघटनेने मापं ठरवून दिली. आज एच.ओ. नावाच्या मापात, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीांश आकारात, कुठल्याही कंपनीचं इंजिन घ्या, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटरच असतं.

आमच्या घराजवळ या छंदाचं एक दुकान होतं. फार मोठं नाही. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानासारखं, छतापर्यंत फळ्या, आणि शेकडो छोटे खण. खणांत स्क्रू, चाकं, मुंगीएवढे दिवे, तांब्याच्या तारा, रंगाच्या बाटल्या. मालक सत्तरीचे. मागे एक दुरुस्तीचं टेबल, त्यावर सोल्डरिंग आयर्न कायम गरम. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती. तिला काचेतलं एक लांबलचक वाफेचं इंजिन हवं होतं. किंमत चांगलीच होती, आणि मी द्यायला तयार होते. मालकांनी ते कपाटातून काढलंच नाही. त्यांनी लेकीला विचारलं, "तुझं टेबल केवढं आहे?"

ती म्हणाली, आठ बाय चारचं प्लायवूड आहे. त्यांनी कागद घेतला आणि चौकोन काढला. चार फुटांत गाडी वळवून परत आणायची, तर वळणाची त्रिज्या साधारण अठरा इंचच मिळते. एवढ्या घट्ट वळणावर ते लांब इंजिन रुळावरून उतरणार किंवा अडकणार. त्यांनी तिला चार चाकांचं, आखूड, शंटिंगचं इंजिन दाखवलं. किंमत निम्म्याहून कमी. मग लेकीने स्वतःचा नकाशा दाखवला. गाडी निघते, एका वळशात शिरते, आणि फिरून त्याच रुळावर उलट तोंड करून परत येते. तिला तो फार आवडला होता. मालकांनी एक लाल आणि एक निळी पेन्सिल तिच्या हातात दिली. "डावा रूळ लालने गिरव, उजवा निळ्याने." गिरवत गिरवत ती वळसा घालून आली आणि थबकली. लाल रेघ निळ्या रेघेला येऊन भिडली होती. छोट्या गाडीला वीज रुळांतूनच मिळते, एक रूळ धन आणि दुसरा ऋण. ते एकमेकांना भिडले की शॉर्ट सर्किट. मालक म्हणाले, "आता सांग, कुठे कापायचं?" पाच मिनिटं विचार करून तिने दोन्ही रुळांवर खुणा केल्या. बरोबर जागी केल्या. तिथे प्लॅस्टिकचे तुकडे घालून रूळ विजेपुरते तोडायचे आणि त्या वळशाला वेगळं बटण द्यायचं, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी दुकानाचा गल्ला आमच्यामुळे फारसा भरला नाही. पण पुढची सहा वर्षं दर शनिवारी आम्ही तिथे जात होतो.

मी संगणकवाली आहे म्हणून हेही सांगते. बोस्टनजवळच्या एम.आय.टी. या नामांकित संस्थेत विद्यार्थ्यांचा छोट्या आगगाड्यांचा क्लब १९४६ पासून आहे. तिथल्या मुलांनी टेलिफोन यंत्रणेतले रिले वापरून रुळांची आणि सिग्नलची वायरिंग केली. टेबलाखालच्या त्या जंजाळात रमणारी मुलंच पुढे पहिल्या संगणकांकडे वळली. चतुराईने केलेल्या कामाला ती 'हॅक' म्हणायची, आणि 'हॅकर' हा आज बदनाम झालेला शब्द संगणकाच्या जगात आला तो त्यांच्याकडून. मूळ अर्थ चोर नव्हे, वस्तू उघडून बघणारा माणूस. म्हणजे मी ज्या धंद्यावर पोट भरते, त्याची एक मुळी छोट्या आगगाडीच्या टेबलाखाली आहे.

तर ही दुकानं आता बंद होत आहेत. डेन्व्हर शहरातलं 'कबूस हॉबीज' हे या छंदाच्या सर्वांत मोठ्या दुकानांपैकी एक मानलं जायचं. ते २०१६ मध्ये बंद झालं. पुढे जवळच्याच गावात त्याच धर्तीवर नवीन दुकान निघालं, हे नशीब. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचं 'हॅटन्स' हे १९४६ पासूनचं नाव. त्यांनी २०२४ च्या सुरुवातीला व्यवसाय आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. आमच्या घराजवळचं दुकानही गेलं.

सगळे म्हणतात, इंटरनेटने मारलं. ते अर्धंच खरं आहे. लोक दुकानात येऊन वस्तू हाताळायचे, तासभर सल्ला घ्यायचे, नंबर टिपून घ्यायचे आणि घरी जाऊन दोन डॉलर स्वस्त मागवायचे, हे मी पाहिलंय. पण हॅटन्सचा बहुतेक धंदा इंटरनेटवरच होता, तरी तेही थांबलं. दुसरं कारण मालाच्या स्वरूपात आहे. पूर्वी डबे सुट्या भागांच्या खोक्यात मिळायचे. ते स्वस्त असायचे, वर्षानुवर्षं मिळायचे, आणि जोडताना काही अडलं की माणूस दुकानात यायचा. आता बहुतेक माल तयार येतो, अतिशय सुबक येतो, चीनमध्ये बनतो, आणि मोजक्याच संख्येने बनतो. किती नग हवेत हे दुकानदाराला कित्येक महिने आधी सांगावं लागतं. जास्त सांगितले तर पैसे अडकले, कमी सांगितले तर गिऱ्हाईक गेलं. तिसरं कारण सगळ्यांत साधं. मालक म्हातारे झाले, मुलं दुसरीकडे नोकरीला लागली, आणि जागेला भाव आला.

छंद मेलेला नाही, हेही सांगायला हवं. आज कुठल्याही खेड्यातल्या मुलाला जगातला कुठलाही सुटा भाग घरपोच मिळतो. थ्री-डी प्रिंटरवर खिडक्या-दारं छापता येतात. रुळांतूनच संदेश पाठवून एकाच रुळावर चार इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. सोल्डरिंग कसं करायचं याचे हजारो व्हिडिओ आहेत. मग गेलं काय?

आमचं दुकान बंद व्हायच्या आधीचा एक प्रसंग सांगते. एक वयस्क बाई चार खोकी घेऊन आल्या. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते. तळघरात त्यांची चाळीस वर्षांची रेल्वे होती. घर विकायचं होतं, आणि या खोक्यांत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकाने सगळ्याचे मिळून शंभर डॉलर देऊ केले होते. मालकांनी दुपारभर बसून एकेक वस्तू बाहेर काढली, कागदावर दोन रकाने केले. एका रकान्यात आज काय किंमत येईल, दुसऱ्यात ही वस्तू कोणाला द्यावी. मधेच ते म्हणाले, "हे इंजिन त्यांनी स्वतः रंगवलंय. हे विकू नका." त्या बाई तेव्हा पहिल्यांदा रडल्या. या कामाचे मालकांनी पैसे घेतले नाहीत. इंटरनेटवर त्या इंजिनाची किंमत अर्ध्या मिनिटात सापडली असती. पण ते विकू नये, हे तिथे कोणी सांगितलं असतं?

व्हिडिओ प्रश्नाचं उत्तर देतो, पण प्रश्न विचारता येण्याइतकं आधी कळावं लागतं. आठ वर्षांच्या मुलीला शॉर्ट सर्किट हा शब्द माहीत नसतो. ती तो शोधणार कसा? काउंटरपलीकडच्या माणसाने तिचा नकाशा पाहिला आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. वस्तू विकता विकता तो हे काम करत होता. आपण पैसे फक्त वस्तूचे देत होतो, म्हणून वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाली तेव्हा ते कामही बुडालं.

असा माणूस मिरजेला नवा नाही. आपल्या सतारमेकर गल्लीत आजही तंबोरा घेऊन गवई येतात. कारागीर आधी विचारतो, गाणार कोण, बाई की बुवा, स्वर कुठला? मग जवारी काढायला बसतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण मानांकन वाद्याला मिळतं. गाणाऱ्याला तो पहिला प्रश्न विचारणारा माणूस टिकवायचा तर त्याच्याकडे जात राहावं लागतं. आणि छोट्या आगगाड्या पाहायच्या असतील तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. एका माणसाने छंद म्हणून जमवलेलं, वायरिंग करून चालतं केलेलं आख्खं शहर आहे ते. शाळेची सहल तिकडे जरूर न्या.

आता मुद्द्याचं. आपल्या तुकडीने शाळेला देणगी जमवली आहे. त्यातून डिजिटल वर्ग होणार आहे, चांगलंच आहे. माझी विनंती त्याहून लहान आहे. जुन्या प्रयोगशाळेमागची खोली रिकामी आहे, सरांनी ती दाखवली. तिथे आठ बाय चारचं एक टेबल हवं, दोन सोल्डरिंग आयर्न, एक मल्टीमीटर आणि सुटे भाग ठेवायला खणांचं एक कपाट. हे सगळं मी देते. पण एक गोष्ट मी एकटी देऊ शकत नाही. दर शनिवारी दुपारी दोन तास त्या टेबलापलीकडे आपल्यापैकी कोणीतरी बसलं पाहिजे. मुलं बंद पडलेला पंखा आणतील, तुटलेलं खेळणं आणतील, रेल्वेचा नकाशा आणतील. उत्तर लगेच सांगायचं नाही. टेबल केवढं आहे ते विचारायचं, आणि पेन्सिल मुलाच्या हातात द्यायची.

आपल्या तुकडीत वायरमन आहेत, रेल्वेत नोकरी करणारे आहेत, घड्याळं दुरुस्त करणारा एक आहे, दोन डॉक्टर आहेत, शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणी आहेत. वर्षाला बावन्न शनिवार येतात. सुट्ट्या वजा करून चाळीस धरू. चाळीस जणांनी वर्षातून एक दुपार दिली तरी खोली वर्षभर उघडी राहते. माझा जूनमधला पहिला शनिवार मी लिहून टाकलाय. पुण्याहून सकाळच्या गाडीने येईन.

वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, जेवणाच्या रांगेच्या अगदी तोंडाशी. ती जागा मुद्दाम निवडली आहे. नाव आणि शनिवार लिहा, मगच ताट उचला.