छपाईची शाई : मूळ कंपनीची की पुन्हा भरलेली?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, याची मला कल्पना आहे. नीरा डाव्या कालव्याची पाण्याची पाळी, उसाचा उतारा, उजनीच्या फुगवट्याखाली गेलेल्या जमिनी अशा प्रश्नांची ज्यांना सवय आहे, त्यांच्यापुढे प्रिंटरच्या शाईचे पुराण कशासाठी लावावे? परंतु पाण्याचा अर्ज असो, घराचा उतारा असो, शाळा सोडल्याचा दाखला असो, माणसाच्या हातात शेवटी जो कागद पडतो तो याच यंत्रातून बाहेर येतो. आणि त्या कागदावरची अक्षरे टिकली नाहीत तर त्याचा हेलपाटा कार्यालयाला पडत नाही, तो अर्जदाराला पडतो.

काही वर्षांपूर्वी मी एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसलो होतो. एक वृद्ध शेतकरी आठवड्यापूर्वी नेलेला नमुना ८ चा उतारा परत घेऊन आले. चार घड्या करून तो त्यांनी बंडीच्या खिशात ठेवला होता. घडी जेथे पडली होती तेथील काळी पूड सुटून गेली होती आणि क्षेत्रफळाचा रकाना नेमका त्या घडीवर आला होता. बँकेने तो कागद नाकारला. एक दिवसाची मजुरी, एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे आणि चारचौघांत झालेली शोभा, एवढे त्यांचे नुकसान झाले. कार्यालयाने कार्ट्रिज स्वस्तात भरून घेऊन शे-दीडशे रुपये वाचविले होते, हे सांगावयास कोणी धजले नाही. बचत एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, असा तो व्यवहार होता.

म्हणून मी पुनर्भरणाच्या विरुद्ध आहे असे कृपया समजू नये. माझ्या स्वतःच्या टेबलावरील यंत्रात आजही भरलेलीच कार्ट्रिज आहे.

जुनी सवय

वस्तू पुन्हा वापरण्याची आपली सवय आजची नाही. टंकलेखन यंत्राची फीत एका बाजूने झिजली की उलटी करून लावणारे कारकून आपण पाहिले आहेत. शिरवळच्या कारखान्यातील गोदरेजच्या टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबले, पण ती सवय पुढे डॉट मॅट्रिक्स यंत्रांबरोबर टिकून राहिली. तेथेही फितीवर शाई चोळून ती पुन्हा चालविली जाई. त्यात धोका फारसा नव्हता. फीत ही नुसती शाई लावलेली पट्टी, ती खराब निघाली तर अक्षर फिके येई, एवढेच.

आजची कार्ट्रिज ही केवळ शाईची डबी नाही, आणि सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो. आपल्या कार्यालयांतून सर्रास दिसणाऱ्या छोट्या लेसर यंत्रांत, उदाहरणार्थ एच.पी. कंपनीच्या १२-ए किंवा ८८-ए या कार्ट्रिजवर चालणाऱ्या यंत्रांत, छपाईचे अर्धेअधिक काम कार्ट्रिजच करते. तिच्यात प्रकाशसंवेदी ड्रम असतो, पूड ओढणारा रोलर असतो, ड्रमवर उरलेली पूड खरवडणारी पट्टी असते आणि ती खरवडलेली पूड साठविणारा एक वेगळा कप्पा असतो. नुसती नवी पूड ओतली म्हणजे कार्ट्रिज नवी होत नाही. टाकाऊ पुडीचा कप्पा रिकामा केला नाही तर ती ओसंडून कागदावर सांडते. पट्टी झिजली असेल तर पानावर उभ्या रेषा येतात. ड्रमवर ओरखडा असेल तर या लहान कार्ट्रिजमध्ये एकच डाग सुमारे साडेसात सेंटिमीटर अंतरावर पुन्हा पुन्हा उमटतो. ड्रमचा घेर तेवढाच आहे. फूटपट्टी लावून हे अंतर मोजले की कारागिराशी वाद घालावा लागत नाही.

बाजारात चार प्रकार मिळतात आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. मूळ उत्पादकाची नवी कार्ट्रिज हा पहिला. दुसऱ्याच कारखान्याने आपल्या नावाने तयार केलेली, पण त्या यंत्रात बसणारी, जिला दुकानदार 'कंपॅटिबल' म्हणतात, ती दुसरी. रिकामी झालेली कार्ट्रिज भरून घेणे हा तिसरा प्रकार. हे तिन्ही प्रामाणिक व्यवहार आहेत. चौथा प्रकार मात्र फसवणुकीचा : भरलेली किंवा हलक्या दर्जाची कार्ट्रिज मूळ कंपनीच्या खोक्यात घालून मूळ म्हणून विकणे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये हा गुन्हा आहे. अतिशय स्वस्तात 'ओरिजिनल' देऊ करणाऱ्याकडून खरेदी करणारे कार्यालय पैसे मूळचे मोजते आणि माल भरलेला घेते. तीन प्रकारांत निवड करावी, चौथ्याचे खोके मात्र फोडण्यापूर्वी नीट तपासावे.

पानामागे किती?

आता हिशेब पाहू. पुढील किमती केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत, प्रत्येकाने आपल्या बिलातील आकडे घालावेत. समजा, मूळ कार्ट्रिज ४,५०० रुपयांची असून तीत १,५०० पाने निघतात. म्हणजे पानामागे ३ रुपये. भरण्यास ३०० रुपये पडतात आणि १,००० पाने निघतात, म्हणजे ३० पैसे. दर चौथे भरणे पूर्ण वाया गेले असे धरले, तरी १,२०० रुपयांत ३,००० पाने मिळतात, म्हणजे ४० पैसे. वर्षाला १२,००० पाने छापणाऱ्या पंचायतीचा खर्च मूळ कार्ट्रिजवर ३६,००० रुपये होईल. भरलेल्या कार्ट्रिजवर तो ४,८०० रुपये होईल, आणि पूड सांडल्यामुळे वर्षाकाठी ३,००० रुपयांची दुरुस्ती निघाली असे मानले तरी ७,८०० रुपये.

तेव्हा लेसर यंत्रापुरते पाहिले तर केवळ पैशाच्या हिशेबावर मूळ कार्ट्रिजची बाजू टिकत नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. विक्रेते यंत्र बिघडण्याची भीती घालतात, तीत तथ्य आहे, पण ते सांगतात तेवढे नाही. काही मोठ्या उत्पादकांच्या हमीपत्रांतच असे नमूद असते की, दुसऱ्याची किंवा भरलेली कार्ट्रिज वापरल्याने हमी आपोआप रद्द होत नाही. त्या कार्ट्रिजमुळे झालेला बिघाड तेवढा हमीत येत नाही. हमीपत्र वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

मूळ कार्ट्रिजची खरी बाजू टिकाऊपणाची आहे. लेसर यंत्रातील पूड प्लॅस्टिकसारख्या रेझिनची असते. ती तापलेल्या रोलरखाली वितळून कागदाच्या तंतूंत रुतते. प्रत्येक यंत्राच्या उष्णतेशी जुळेल अशी पूड वेगळी असते. एकाच मोठ्या पिशवीतून सर्व यंत्रांत पूड भरणाऱ्याकडे ही जुळणी होतेच असे नाही. मग पूड कागदावर नुसती चिकटते आणि घडी पडली की सुटते. त्या वृद्ध गृहस्थांच्या उताऱ्याचे हेच झाले होते. एरवी काळ्या टोनरमधील काळेपणा असतो काजळीचा, म्हणजे कार्बनचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद आज वाचता येतात तेही काजळीच्या शाईच्या बळावर. रंग टिकाऊच आहे, प्रश्न तो कागदाला धरून राहण्याचा आहे.

हे तपासण्यास प्रयोगशाळा नको. कार्ट्रिज भरून आली की पहिल्या पानावर अंगठा जोरात घासावा, पान घडी करून नखाने दाबावे आणि उघडावे. पूड सुटली तर कारागिराला तेथेच थांबवावे.

माझी सूचना अशी की, दोन कार्ट्रिज बाळगाव्यात. जन्म-मृत्यूचे दाखले, कर आकारणीचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, ठरावांच्या प्रती हे सर्व मूळ किंवा वर सांगितलेल्या कसोटीला उतरलेल्या कार्ट्रिजवर छापावे. सभेच्या सूचना, कच्चे मसुदे, सराव प्रश्नपत्रिका भरलेल्या कार्ट्रिजवर. १२,००० पानांपैकी एकपंचमांश, म्हणजे २,४०० पाने टिकाऊ कागदांची धरली तर त्यांचे ७,२०० रुपये होतात. उरलेल्या ९,६०० पानांचे ३,८४० रुपये आणि दुरुस्तीचे तेच ३,००० रुपये मिळवून एकूण खर्च सुमारे १४,००० रुपयांवर येतो. तो ३६,००० च्या निम्म्याहूनही कमी आहे. बाजूला काढलेली कार्ट्रिज काळ्या पिशवीत ठेवावी, कारण उजेडाने ड्रम खराब होतो.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. खोक्यावर छापलेला पानांचा आकडा हा साधारणपणे पानाचा सुमारे ५ टक्के भाग शाईने भरतो असे गृहीत धरून काढलेला असतो. आपले नमुने चौकटी-रकान्यांचे, त्यात प्रत्येक शब्दावर शिरोरेघ, वर संस्थेचे बोधचिन्ह. असे पान त्याहून सहज अधिक शाई खाते. तेव्हा पाने कमी निघाली म्हणून लगेच विक्रेत्यावर संशय घेऊ नये.

शाईची यंत्रे आणि उन्हाळ्याची सुट्टी

शाईच्या थेंबांनी छापणाऱ्या यंत्रांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील काहींत शाई क्षणभर उकळून तिच्या बुडबुड्याच्या धक्क्याने थेंब बाहेर फेकला जातो, काहींत विजेने वाकणाऱ्या स्फटिकाच्या दाबाने. दोन्हींत छिद्रे केसाहून बारीक असतात. इंदापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, शाळा मे महिन्यात बंद असताना, यंत्र आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि छिद्रांत शाई वाळते. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात त्याच दिवशी यंत्र पांढरी पाने देऊ लागते. मुख्याध्यापक दोष भरलेल्या शाईला देतात, पण मूळ शाईही वाळतेच. सुट्टीत आठवड्यातून एकदा एक रंगीत पान काढण्याची व्यवस्था करावी. ते जमत नसेल तर शाळेने लेसर यंत्रच घ्यावे हे बरे. पूड वाळत नाही.

२०१० मध्ये एप्सन कंपनीने इंडोनेशियात टाकीची यंत्रे आणली. ग्राहक बाहेरून टाक्या जोडून शाई भरतच होते, ते कंपनीने स्वतःच अंगीकारले असे म्हणता येईल. पुढे इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. या यंत्रांमुळे आपला मूळ प्रश्नच बदलला. एका काळ्या बाटलीत सुमारे ४,५०० पाने निघतात असे उत्पादक सांगतो. बाटली ५०० रुपयांची धरली तरी पानामागे ११ पैसे पडतात. दुसऱ्याची बाटली २०० रुपयांत घेऊन ६-७ पैसे वाचवावयाचे आणि यंत्रात कायमचे बसविलेले छपाईचे डोके धोक्यात घालावयाचे, हा सौदा मला पटत नाही. येथे मूळ शाईच घ्यावी. मात्र काळी शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची आहे की न विरघळणाऱ्या कणांची, हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे. विरघळणाऱ्या शाईचा दाखला पावसात भिजला की अक्षरे वाहून जातात.

मालक कोण?

शाईच्या धंद्यात यंत्र स्वस्त आणि शाई महाग असा बेत असतो, म्हणून कार्ट्रिजवर पहारा बसविला जातो. तीत पाने मोजणारी एक चकती, म्हणजे चिप असते. ती संपल्याचे जाहीर करते तेव्हा आत पूड शिल्लक असू शकते. काही यंत्रे इंटरनेटवरून नवे फर्मवेअर घेतात आणि दुसऱ्या दिवशी कंपॅटिबल कार्ट्रिज ओळखावयाचे नाकारतात. अशा निर्बंधांची ग्राहकांना पुरेशी कल्पना दिली नाही, या कारणावरून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये एच.पी. कंपनीला १ कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी सवलतीच्या दराने दिलेली कार्ट्रिज आपल्यालाच परत करण्याची अट घालीत असे आणि ती भरून विकणाऱ्यांवर पेटंटभंगाचा दावा लावीत असे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी निर्णय दिला की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो. हा निर्णय आपल्या न्यायालयांना बांधील नाही, पण वाद कशाचा आहे हे त्यातून चांगले कळते. पैसे देऊन घेतलेल्या कार्ट्रिजचा मालक कोण, हा तो वाद.

खरेदीबाबत थोडेच सांगतो. दरपत्रके मागविताना नगाचा भाव न मागता पाने किती याचीही लेखी हमी मागावी. 'मूळ उत्पादकाची' हवी की 'कंपॅटिबल' चालेल, हे स्पष्ट लिहावे. नाहीतर सर्वांत कमी दर नेहमी वेगळ्याच मालाचा असतो आणि लेखापरीक्षणात उत्तर आपल्याला द्यावे लागते. एक साधी वही ठेवावी : कार्ट्रिज कोणत्या तारखेस बसविली, त्या दिवशी यंत्राच्या गणकावर किती पाने होती, कितीवेळा भरली. बहुतेक लेसर यंत्रे हा आकडा छापून देतात. आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणावयाचे, पण आपण सवयीने अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्यांच्याकडे नमुन्यांच्या वह्या आधीच पुष्कळ आहेत, याची मला जाणीव आहे. तरीही ही एक वाढवावी. दोन-तीन भरण्यांनंतर ड्रम बदलण्याची वेळ कधी आली, हे तीच सांगते.

गावोगाव फिरून कार्ट्रिज भरून देणाऱ्या कारागिराला वर्गात किंवा कार्यालयात पूड उडवू देऊ नये. बाहेर, वारा नसलेल्या सावलीत वर्तमानपत्र अंथरून त्याने ते काम करावे, नाकातोंडावर रुमाल बांधावा. सांडलेली पूड थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपावी. गरम पाणी लावल्यास ती चिकटते. आणि निकामी झालेल्या कार्ट्रिज शाळेमागच्या खड्ड्यात जाळण्याची पद्धत बंद करावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे. एका पोत्यात त्या साठवाव्यात आणि जुन्या संगणकांचा लिलाव किंवा विल्हेवाट निघेल तेव्हा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे त्यांच्याबरोबरच पाठवून पावती दप्तरी लावावी.