आपल्या वाडवडलांची वही

(शताब्दी सोहळ्यात झालेले भाषण)



माझं शिक्षण चौथी. मोठमोठ्या ग्रंथांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज वहीवर बोलायचं आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथीवर नाही, साध्या नोंदीच्या वहीवर.

आपल्या संप्रदायावर वहीचे उपकार थोर आहेत बरं का. तळेगावच्या जगनाडे घराण्यात संताजींची वही पिढ्यान् पिढ्या जपली. तिच्यावरून 1919-20 च्या सुमारास वि. ल. भावे यांनी तुकोबारायांचा गाथा छापला. घरच्यांनी ‘जुना कागद’ म्हणून ती चुलीत घातली असती तर? म्हणून म्हणतो, कागद टाकू नका.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे पणजोबा कार्तिकी वारीला पायी गेले ते परत आलेच नाहीत. गावात बोललं जायचं, बायका-पोरं टाकून बुवा झाला. आमच्या घराला ते नावच पडलं होतं, ‘पळालेल्याचं घर’. आजोबा त्यावर एक शब्द बोलत नसत. वडलांना सोयरीक जमवताना हे ऐकावं लागलं. विठ्ठलाच्या वाटेला गेलेला माणूस, आणि घराला कलंक! हे मला लहानपणापासून सलत होतं.

पहिला धागा सापडला त्र्यंबकला. निवृत्तिनाथांच्या यात्रेला, पौष वद्य एकादशीला, आपण सगळे जातो. दर्शन झालं की घरी. पण तिथल्या आणि नाशिकला रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असते. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं. गुरुजी बरोबर ती वही काढतात. कोण आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, सगळं लिहिलेलं. उत्तरेत हरिद्वारलाही अशाच वह्या आहेत. त्यांचं मोल ओळखून अमेरिकेतल्या एका संस्थेने त्यांच्या फिल्मा काढून नेल्या. आपण मात्र दारातून परत येतो.

गुरुजींनी मोडीतली ओळ वाचली. शके 1842, म्हणजे 1920-21 चा सिंहस्थ. आमची पणजी दोन पोरांना घेऊन कुशावर्तावर आली होती. नवऱ्याच्या नावामागे ‘कैलासवासी’ लिहिलेलं होतं. थोरल्या पोराच्या हातून पिंडदान झालं होतं. ते पोर म्हणजे माझे आजोबा, वय बारा.

माउलींनो, पणजीला ठाऊक होतं! गाव काही बोलो, नवरा पळाला नाही, वारला, हे त्या बाईने गंगेच्या साक्षीने लिहून ठेवलं. आणि तिचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकलं. घरात तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणायचे. सातबाऱ्यावर ती नाही, कुठल्या खरेदीखतावर नाही. फक्त त्या वहीत आहे.

मग वारले कुठे? आपली दिंडी सिन्नर, संगमनेर, नगर, करमाळा करत जाते. मी दर मुक्कामाला विचारायचो. पूर्वी गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद व्हायची, गाव नमुना 14. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. पण ती दफ्तरं तहसिलात गाठोड्यात बांधलेली, आणि अक्षर मोडी. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा गाठोडी सुटली, मोडी वाचणारे बसले. त्या धांदलीत करमाळा तालुक्यातल्या एका गावच्या पानावर आमचं नाव निघालं. नोव्हेंबर 1918. पुरुष, वय अंदाजे चाळीस, राहणार नाशिक जिल्हा, कारण ताप. पुढे एकच शब्द होता, ‘वारकरी’.

हा ताप कसला, ते वर्तमानपत्रांनी सांगितलं. माझा भाचा पुण्याला असतो. त्याने ‘केसरी’चे 1918 चे जुने अंक पाहिले. पणजोबांचं नाव त्यात कुठून असणार? गरिबाचं नाव पेपरात येत नाही. पण तो काळ येतो. त्या साली पाऊस गेला, धान्य महागलं, आणि वर इन्फ्ल्युएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. सव्वा ते दोन कोटी माणसं हिंदुस्थानात गेली असा अंदाज आहे. घरटी माणूस पडलेलं, मढं उचलायला चार खांदे मिळेनात. अशा दिवसांत नाशिकच्या घराला निरोप कोण देणार?

ती नोंद घेऊन मी घरी आलो, देवापुढे ठेवली आणि गावात हरिनाम सप्ताहात सगळ्यांसमोर वाचली. एकशे पाच वर्षांनी त्या घराचं नाव बदललं. पुढे नात झाली, तिला पणजीचं नाव ठेवलं.

म्हणून मंडळी, शोधायचं तर असं शोधा. आधी घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाजवळ बसा; गाव, कुलदैवत, पूर्वीचं आडनाव विचारून घ्या. मग शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार, खासरा पत्रक, नमुना 14 बघा. मोडी आली तर घाबरू नका. 1950 च्या सुमारापर्यंत आपले आजे तीच लिहीत होते, आणि आज तरणी पोरं ती पुन्हा शिकतायत. तीर्थाला गेलात की नामावळी विचारा. एका कागदावर भरवसा ठेवू नका. दोन-तीन ठिकाणचं जुळलं तरच खरं माना.

आणि शेवटचं मागणं या दिंडीकडे. आपली दिंडीची वही शंभर वर्षं चालत आली. तिच्यात बाप्यांची नावं आहेत, बायांची ‘अमक्याचे कुटुंब’ एवढीच. यंदापासून प्रत्येक माउलीचं नाव, गाव, वय पूर्ण लिहा. वाटेत कुणी देह ठेवला तर मुक्काम आणि तिथी लिहा, आणि त्याच दिवशी घरी निरोप द्या. मोबाइलमध्ये नोंद करा, पण वहीही ठेवा.

पांडुरंगाच्या वाटेवर पडलेला एकही माणूस यापुढे ‘पळाला’ म्हणवला जाऊ नये, एवढंच मागतो.

रामकृष्ण हरी.