गाडी दर रविवारी पाच मिनिटं सुरू करताय?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी नाशिकला आहे आणि ते स्वतः पुण्यात, बंगळुरूत, नाहीतर कंपनीने पाठवलंय म्हणून थेट परदेशात. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. आई-बाबा चालवत नाहीत. पण दर रविवारी फोनवर एक वाक्य ठरलेलं असतं, "अरे, गाडी सुरू केली होती बरं का आज, पाच मिनिटं."

ही पाच मिनिटं बंद करा, एवढंच सांगायला मी आज बसलोय. का, ते आकडेमोड करून बघू. नववीचं गणित आहे, घाबरू नका.

गाडी बंद असली तरी पूर्ण बंद नसते. अलार्म, सेंट्रल लॉकिंग, घड्याळ, इंजिनचा कॉम्प्युटर, सगळे थोडा थोडा करंट ओढत असतात. साधारण ३० मिलीअँपिअर धरा. दिवसाचे २४ तास, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे आठवड्याला जवळपास ५ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरची. सात आठवड्यांत ती कोरडी. आणि बॅटरी अर्ध्यावर आली की सेल्फ कुरकुरायला लागतो, म्हणजे खरी मुदत तीन-चार आठवडेच. वर डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर बसवला असेल तर त्याहून कमी.

आठवतंय ना, २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि जूनमध्ये 'मिशन बिगिन अगेन' आलं? मधले दहा आठवडे. दहा गुणिले पाच, पन्नास. बॅटरी ३५ ची. तेव्हा ज्यांच्या गाड्या सुरू झाल्या नाहीत, त्यांच्या कंपनीत किंवा नशिबात काही खोट नव्हती. हिशोबच तसा होता.

आता रविवारची पाच मिनिटं. उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना बॅटरीला अगदी सढळ हाताने २० अँपिअर मिळाले असं धरलं, तरी पाच मिनिटांत दीड-पावणेदोन अँपिअर-अवर भरतात. गेले पाच, आले पावणेदोन. शिवाय सेल्फने घेतलेला करंट वेगळा. बाबा मनापासून मेहनत घेतायत आणि बॅटरी दर आठवड्याला खालीच जातेय.

बरं, नुकसान एवढ्यावर थांबत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी अर्धा तास रस्त्यावर पळाली की सायलेन्सर तापतो आणि ती वाफ बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत सायलेन्सर गारच राहतो, वाफेचं पाणी आतच साचतं आणि आतून गंज धरतो. थोडं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला जुने बंगले आहेत, खाली शटरचं गॅरेज. पावसात शटर अर्धं ओढून आत गाडी सुरू ठेवणारे लोक आहेत. इंजिन गार असताना धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, कारण तो कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस उठतच नाही. बॅटरी पाच-सहा हजारात नवी मिळते. त्यामुळे घरी फोन करून हे आजच सांगा, बाकीचा एपिसोड नंतर ऐका.

मग करायचं काय? दोनच मार्ग. घरात कुणी चालवणारं असेल तर पंधरा दिवसांतून एकदा चांगली अर्धा-पाऊण तास गाडी पळवायची. पाथर्डी फाट्यावरून आडगावपर्यंत जाऊन यायचं, एसीसुद्धा लावायचा. आणि कुणी नसेल तर गाडीला नीट झोपवायचं.

झोपवायचं म्हणजे मुख्य काम बॅटरीचं. दहा नंबरचा पाना घ्या आणि काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवा. काळीच आधी, कारण लाल काढताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. जोडताना उलटं, लाल आधी, काळी शेवटी. एक गंमत लक्षात ठेवा: बॅटरी काढली की रिमोटने दार उघडत नाही. किल्लीने दार उघडतं का, ते आधी तपासा. काही गाड्यांची डिकी फक्त बटनावर उघडते, तेव्हा पाना आणि जंपर केबल डिकीत ठेवून जाऊ नका!

हँडब्रेक ओढून ठेवू नका. नाशिकच्या पावसाळ्यात चार महिने ओल असते, मागच्या चाकातले ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी' वर, आणि चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त.

पेट्रोलचं थोडं बदललंय. २०२० मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल सरासरी पाच टक्के होतं, आता वीस आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. टाकी अर्धी रिकामी म्हणजे आत हवा जास्त, हवा जास्त म्हणजे ओल जास्त. म्हणून टाकी फुल्ल करून ठेवा. सीएनजीवाल्यांनी सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि दर तीन वर्षांची सिलिंडरची टेस्ट मधेच संपत नाही ना, ते बघायचं.

उंदरांवर ठाम उपाय कुणाकडेच नाही. तंबाखू, डांबर गोळ्या, स्प्रे, प्रत्येकाचा आपापला देव. मला पटलेला उपाय एकच, गाडीत खाण्याचा कण ठेवायचा नाही आणि घरच्यांनी आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघायचं. रविवारचा कार्यक्रम हवाच असेल तर तो हा.

जागेचंही बोलू. पंचवटीत, गोदाघाटाच्या जवळ पावसाळ्यात गाडी सोडून जाऊ नका. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी आलं म्हणजे काय, हे सांगायला नको. तळमजल्याखालचं पार्किंगही तसंच. गाडीत पाणी शिरलं तर घरच्यांना बजावून ठेवा, सुरू करून बघायची नाही. इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं की आतला दांडा वाकतो. उचलून गॅरेजला न्यायची.

विमा चालू ठेवा. गाडी उभी आहे मग कशाला पैसे, असं वाटतं. पण चोरी, आग, पूर हे उभ्या गाडीलाच होतं. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस शून्यावर येतो.

आता परत आलात. बॅग ठेवली, किल्ली हातात, मित्र म्हणतायत चल. थांबा. आधी विमा आणि पीयूसीची तारीख बघा. मग गाडीखाली वाका, तेलाचा किंवा कूलंटचा डाग आहे का. एअर फिल्टरचं झाकण उघडा, आत चिंध्या-पाचोळा निघाला तर तिथे कुणीतरी संसार थाटला होता, वायरिंग तपासून घ्या. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची पातळी. ब्रेक दाबून बघा, पायाखाली घट्ट लागला पाहिजे. स्पंजसारखा दबला किंवा खाली जात राहिला तर गाडी हलवायचीच नाही. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं, बाजूला बारीक भेगा दिसल्या तर बदला.

डिसेंबरात आलात तर सकाळच्या थंडीत बॅटरी आणखी हात आखडते. निफाडकरांना हे सांगायला नको. ऊन आल्यावर सुरू करा. पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आवाज येईल, तो डिस्कवरचा गंज, घासून जातो. चाक जाम असेल तर रेस देऊन ओढू नका, हळू पुढे-मागे करा. नाही सुटलं तर मेकॅनिकला घरी बोलवा.

आणि पहिल्याच दिवशी कसारा घाट नको. त्र्यंबकला जाऊन या, साधारण तीस किलोमीटर. तिथे उतरलात की चारही चाकांच्या रिमजवळ हात धरा, लावू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं जाणवलं, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. गाडी गार होऊ द्या, सावकाश परत आणा, सरळ मेकॅनिककडे. मुंबईचं मग बघू.

भेटू पुढच्या भागात.