चेंडूवर ठेवलेला रेकॉर्ड प्लेयर



आपल्या किन्हीराजात कुणाच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेयर असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तबकडीच्या खाचेतले कंपन कोणते व टेबलाचे कोणते, हे सुईला कळत नाही. स्पीकर त्याच टेबलावर असला की त्याचा हादरा सुईत शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो आणि आवाज घुमू लागतो.

उपाय घरचाच आहे. स्पीकर वेगळ्या स्टुलावर ठेवा. चार सारखे पोकळ रबरी चेंडू वाट्यांत बसवा, वर जड कडप्पा, त्यावर प्लेयर. खाली मऊ, वर जड, हेच तत्त्व. आधार वजनाने जितका दबतो, साधारण तितक्याच लांबीच्या लोलकाच्या गतीने तो डोलतो. 1 सेंटिमीटर दबला, तर सेकंदाला सुमारे 5 वेळा; मग 7 पेक्षा जलद कंपने कमी होत जातात. 1 मिलिमीटरच दबला, तर सुमारे 16 वेळा. अशा आधाराचा उपयोग थोडा.

बाजारात यासाठी महागडे पाय मिळतात. ते घेण्यापूर्वी मुलामुलींच्या हाती पट्टी द्या आणि मोजू द्या. लोलकाचे सूत्र परीक्षेपुरते पाठ करणे वेगळे, घरात वापरणे वेगळे. पालकांनो, "हात लावू नकोस" हे वाक्य त्या दिवसापुरते तरी बाजूला ठेवा.